‘कळ’ या शब्दाची चिठ्ठी

मी एक जुनी चिठ्ठी आहे. शब्दकोशाच्या कचेरीतल्या लाकडी खणात राहते. मित्रांनो, मला नाजूक समजू नका. जाड पुठ्ठ्याची आहे, आणि माझ्या माथ्यावर एकच इवलासा शब्द आहे: कळ.

सुरुवातीला मी मोठ्या तोऱ्यात होते. वायरमन म्हणाला, कळ म्हणजे दिव्याचे बटण. टायपिस्टबाईंनी आपल्या यंत्रावरच्या कळा दाखवल्या. छत्रीवाल्याने कळ दाबून छत्री फटकन उघडून दाखवली. पत्रकाराने राजकारणात पडद्याआडून फिरवली जाणारी कळ सांगितली, तर डॉक्टरांनी पोटात उठणारी. एवढासा शब्द आणि दावेदार ढीगभर!

मग मी दादा आणि ताईच्या हाती पडले आणि माझे दिवस फिरले. दोघे सख्खे बहीणभाऊ, दोघेही संपादक, एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसणारे. आई गेल्यापासून त्यांचा अबोला होता. आमच्याकडे प्रत्येक अर्थाखाली उदाहरणाचे वाक्य लिहितात. दुसऱ्याचे वाक्य पटले नाही, तर त्यावर रेघ मारून खाली आपले लिहायचे. या नियमाचा त्यांनी आखाडा केला.

‘कळ काढणे’ याखाली दादाने लिहिले, ‘बहिणीने विनाकारण कळ काढली.’ ताईने रेघ मारली आणि लिहिले, ‘भाऊ कळ काढून नामानिराळा राहतो.’ पुढे ‘कळ सोसणे’ आले. दादाने लिहिले, ‘शहाणी माणसे थोडी कळ सोसतात.’ ताईने इतक्या जोरात रेघ ओढली की माझे अंग सोलवटले. खाली लिहिले, ‘आई तळमळत होती आणि भाऊ म्हणाला, सकाळपर्यंत कळ सोस, मग डॉक्टरांना बोलावू.’

मला दोघांचाही संताप आला. शेजारच्या ‘कळप’ आणि ‘कळस’ या चिठ्ठ्या सुखात पडून असतात. मीच का यांची उणीदुणी अंगावर घ्यायची?

दादाने ते वाक्य वाचले. मग डॉक्टरांच्या अर्थाखाली, जिथे अजून कुणी काही लिहिले नव्हते, तिथे त्याने लिहिले, ‘आईच्या पोटात कळा उठत होत्या. मला ते दिसत होते. मी उठलो नाही.’ आणि मला टेबलावरून पलीकडे सरकवले.

ताईने वाचले. रेघ मारली नाही. मान वर करून ती त्याच्याशी बोलली.

“हे चिठ्ठीवर नको, दादा. माझ्याकडे बघून सांग.”

दादाचे ओठ हलले. मला वाटले, आता सुटले मी.

“पुढची चिठ्ठी दे,” तो म्हणाला.

ताईने मला खणात टाकले आणि खण धाडकन लोटला. कोश छापून झाला. त्यात छत्रीचे वाक्य आहे, आईचे नाही. टेबलाच्या दोन टोकांना ती दोघे अजून तशीच बसतात.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. पण घरात कुणाशी अबोला असेल, तर आम्हा कागदांना मध्ये घालू नका. उठा, समोर जा, भांडायचे तर तोंडाने भांडा. मी पुठ्ठा आहे, खणात पडून आणखी कितीतरी वर्षे टिकेन. ही दोघे टिकणार नाहीत.