माघातलं पाणी

कमलेशने बाटली विहिरीच्या पाण्याने तीनदा विसळली आणि चौथ्यांदा काठोकाठ भरली. झाकणाच्या आत बोट लागू दिलं नाही.

"भावजी, पानी भरता का पूजा करता?" थोरली भावजय हौशी मागून म्हणाली. तिच्यामागे पाड्यावरच्या चार बाया हंडे घेऊन उभ्या होत्या. "तीन बाटल्या पानी सांडलं तुम्ही."

"तिकडे असंच भरतात, वहिनी."

तिकडे म्हणजे अंटार्क्टिकात. शास्त्रज्ञांचा मदतनीस म्हणून तो चार महिने तिथे होता. बर्फात खड्डा खणायचा आणि दर चार बोटांवर एक नमुना घ्यायचा. श्वासानेही बर्फ खराब होतो म्हणून तोंड बांधायचं. कुठल्या थरात समुद्राचं मीठ किती, ज्वालामुखीचं आम्ल किती, ते पुढे प्रयोगशाळेत कळायचं. माघात त्याची बायको योगिता काविळीने गेली, तेव्हा तो तसल्याच एका खड्ड्यात उभा होता. जहाज फाल्गुनात निघालं.

आपल्या बायकोला या पाण्याने मारलं का, एवढंच त्याला कळायला हवं होतं.

विहिरीवरच्या कातळावर रेंज मिळायची. तिथे चढून त्याने प्रयोगशाळेतल्या मॅडमना फोन लावला.

"कमलेश, आपलं यंत्र बर्फासाठी आहे," मॅडम म्हणाल्या. "बर्फात मीठ नसल्यासारखंच असतं. विहिरीचं पाणी घातलं तर यंत्र बिघडेल. आणि काविळीचं त्यात काही दिसत नाही. ती तपासणी वेगळी."

"ती केली तर माघातलं कळेल?"



"बर्फात दर वर्षाचा थर खाली राहतो. विहिरीत नाही राहत. माघातलं पाणी आता तिथे नाहीच." मग मॅडम म्हणाल्या, "घरच्यांना पाणी उकळून प्यायला सांगा."

तो खाली उतरला. बायांनी वाट दिली.

"काय बोलली तुमची मॅडम?" हौशीने विचारलं.

"उकळून प्या म्हणाली."

हौशीने बादलीला दोर बांधला. गाठ दोनदा ओढून पाहिली.

"योगिता उकळायची," ती म्हणाली. "तुम्ही फोनवर सांगितलं होतं ना, म्हणून. रोज उकळायची."

कमलेशने बाटलीचं झाकण पुन्हा आवळलं.

"तुम्ही फोडून ठेवलेली लाकडं होती तोवर."

तिने दोर सोडला. बादली तळाच्या दगडावर आपटली.