शनिवारचं ऑइल

पहाटे कुसाबाई देवापुढे घंटी हातात घेत आणि नेमकं त्याच वेळी अंगणात त्यांचा मुलगा संतोष गाडी चालू करी. टक टक टक टक. घंटी एका तालात, गाडी दुसऱ्याच. आरती संपता संपता गाडी गरम होऊन गप्प बसे. पण तोवर कुसाबाईंचं एखादं कडवं गळालेलं असे. मग त्या देवाला हळूच सांगत, "मनावर घेऊ नको रे बाबा, पोर गुणाचं आहे."

पोर गुणाचं होतंच. पाथर्डी रस्त्याला त्यांचा गुलाबाचा मळा. त्यातल्या स्वतःच्या वाट्यातून संतोषनं ही जुनी लाल गाडी घेतली होती. इंजिन सोळा व्हॉल्व्हचं, शर्यतीच्या गाडीला असतं तसं. रविवारी सकाळी आठला शहराबाहेरच्या पटांगणावर मातीतली शर्यत होती आणि त्यात त्याचं नाव लागलं होतं.

त्याचे वडील, बहिरूआबा, यांना गाडी डोळ्यांसमोर नको होती. "फुलांची एक पाटी मावत नाय हिच्यात. ऐक संत्या, रविवारी सकाळी ही अशी टकटक वाजली, तर सोमवारी विकायची. पिकअप आणू."

"आणि नाय वाजली तर?"

"तर मी विकायचं पुन्हा नाव काढणार नाय."

आता ती वाजत होती ती आबांच्याच कृपेनं. दिवाळीत त्यांनी मायेपोटी ट्रॅक्टरचं ऑइल तिच्यात ओतलं होतं. शहरातल्या द्वारका चौकातल्या गॅरेजवाल्या मोतीरामनं कान लावला आणि लगेच ओळखलं.

"आबा, ट्रॅक्टर पैलवान गडी. हिच्या पोटात वाटा बारीक. जाड ऑइल थंडीत वर चढेस्तोवर व्हॉल्व्ह हलवणारे टॅपेट कोरडेच आपटतात, म्हणून ही टकटक. असंच चाललं तर इंजिन झिजंल. हिला पाच-चाळीस नंबरचं ऑइल घाला." त्यानं नमुन्याची बाटली हातात दिली.

घरी आल्यावर आबांनी ती हलवून पाहिली. "हे तर पाणी! दामदुप्पट देऊन पाणी घालू? माझं वीस-चाळीस बघ, बोटाला कसं धरून राहतं."

"आकड्यांचा अर्थ काय रे?" कुसाबाईंनी विचारलं. जपमाळेमुळे त्यांना आकड्यांची सवय होती.

"पहिला आकडा गारठ्यातला, आई. जितका लहान, तितकं थंडीत पळतं. दुसरा इंजिन तापल्यावरचा."

"मग दुसरा तर दोघांचा एकच आहे की."

आबा म्हणाले, "कागदावर काय, कोणी काय बी लिहील."

शुक्रवारी संध्याकाळी कुसाबाईंनी अडगळीतल्या दोन वाट्या काढल्या, स्वयंपाकघरातल्या नव्हेत. एकीत हे, दुसरीत ते ओतून त्या गच्चीवर ठेवल्या. शनिवारी आंघोळीआधी जाऊन तिरक्या केल्या. पाच-चाळीस पोरासारखं पळालं. वीस-चाळीस काकवीसारखं उठलं, बसलं, विचारात पडलं. मग त्यांनी दोन्ही वाट्या बंबातून काढलेल्या कढत पाण्यात ठेवल्या. जरा वेळानं दोन्ही ऑइलं सारखीच वाहू लागली.

"बघा," त्या आबांना म्हणाल्या, "तापल्यावर दोघं भाऊ-भाऊच. पहाटे मात्र तुमचं अंथरुणातून निघत नाही."

आबांनी दोन्हीत बोट घातलं, वास घेतला आणि गुमान चहा मागितला. कबुली द्यायची त्यांची तीच रीत होती.

संतोषनं उडी मारून स्कूटरची किल्ली घेतली. "निघतो. द्वारकेहून ऑइल आणतो."

"आज?" कुसाबाई जागीच थबकल्या. "आज शनिवार आहे."

अकरा वर्षं त्यांनी शनिवारी तेल विकत घेतलं नव्हतं. तो नेम धरला होता संतोषच्याच साडेसातीसाठी; साडेसाती सरली, नेम राहिला.

"आई, हे तेल नाय, ऑइल हाय!"

"शनिदेवाला काय सांगू, बाटलीवर इंग्रजीत लिहिलंय म्हणून?"

"उधार आणतो."

"उधार घेतलं तरी घेतलंच."

आबांना परत कंठ फुटला. "उद्या मोतीराम सासुरवाडीला सटाण्याला चाललाय. गॅरेज बंद. म्हणजे माझंच ऑइल राहणार. सोमवारी पिकअप! पिकअपवाल्याशी बोलून बी ठेवलंय."

संतोष पायरीवर बसला. जेवायलाही उठेना. कुसाबाई दुपारभर माळ ओढत राहिल्या. आपल्याच परीक्षेनं शनिवार उजाडवला, हे त्यांना टोचत होतं. चार वाजता त्या उठल्या.

"गाडी काढ. शनिवारी लोखंड घेऊ नये, पण दान करावं. गाडी मोतीरामला दान दे. मालक झाला की आपल्या दुकानातलं ऑइल तो आपल्या गाडीत घालील. कोणी काही विकत घेतलं नाही."

द्वारकेच्या चौकात, हॉर्नच्या कल्लोळात, संतोषनं मोतीरामच्या काळ्या पंजावर उदक सोडलं. मोतीरामनं तासाभरात ऑइल बदललं, फिल्टर बदलला आणि 'आपली' गाडी फडक्यानं दोनदा पुसली.

"सटाण्याला जायच्या आधी घेऊन येतो, मावशी."

रविवारी सकाळी सहाला तो गाडी घेऊन आला. संतोषनं किल्लीसाठी हात पुढे केला. मोतीरामनं किल्ली खिशात टाकली.

"मावशी, तुम्हीच सांगा. उदक सोडलेलं दान परत घेतलं तर पाप कोणाला?"

दान परत घेऊ नये, हे कुसाबाईंनीच जन्मभर लोकांना सांगितलं होतं. संतोष आईकडे पाहत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं.

तेवढ्यात आबा घोंगडी फेकून पुढे आले. "माझ्या पोराची गाडी तू ठेवतोस व्हय रे? दान परत नाय घेता येत ना? मग विकत घेतो! आज रविवार हाय. बोल किंमत!"

मोतीराम हसू दाबत म्हणाला, "एक रुपया, आबा."

चाळीस वर्षं बाजारात भाव केलेली जीभ. आबा म्हणाले, "आठ आणे."

"घेतले."

संतोषनं किल्ली फिरवली. कुसाबाईंनी डोळे मिटून नाम घेतलं. आबांनी कान बॉनेटला लावला, डाव्या बाजूनं, उजव्या बाजूनं. मग कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"बंद पडली का रे? काहीच ऐकू येत नाय."

"आबा, चालूच हाय."

आबांनी पुन्हा कान लावला. मग त्यांनी दार उघडलं, टोपी सावरली आणि पुढच्या सीटवर बसले.

"चल," ते समोर पाहत म्हणाले, "आठच्या शर्यतीला लवकर पोचावं लागतं म्हणतात. आणि त्या पिकअपवाल्याचा फोन आला, तर सांग, आबा शर्यतीला गेलेत."