दोनशे सत्तर की दोनशे ऐंशी

ऑर्लिन त्वेट आणि मर्ल बकनर ही दोन म्हातारी माणसं चाळीस वर्षं एकाच गोष्टीवरून भांडत आली होती. मर्लची रायफल दोनशे सत्तरच्या मापाची, ऑर्लिनची दोनशे ऐंशीच्या. दोन्ही काडतुसं एकाच घराण्यातली. पितळी पुंगळी जवळपास तीच, दारू तीच, बुडाची ठिणगी पाडणारी टोपी तीच. गोळीच्या जाडीत फरक म्हणाल तर वर्तमानपत्राचे दोन कागद एकावर एक ठेवावेत एवढा. पण तेवढ्या फरकात या दोघांनी आख्खा जन्म घालवला. मर्ल म्हणे, माझी गोळी हलकी, वेगवान, चारशे यार्डांवर गेली तरी फारशी खाली पडत नाही. ऑर्लिन म्हणे, माझी जड आणि लांब, ती वाऱ्याला भीक घालत नाही. अमेरिकेतल्या वायोमिंगच्या त्यांच्या खोऱ्यात वारा बारा महिने असतो, तेव्हा दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं. ते दोघांनाही पक्कं ठाऊक होतं आणि कबूल कुणीच करत नव्हतं.

काडतुसं विकत आणणं दोघांनाही कमीपणाचं वाटे. ऑर्लिनच्या शेडमध्ये एक लांब लाकडी टेबल होतं आणि त्याच्या दोन टोकांना दोन दाबयंत्रं बसवलेली. डाव्या टोकाला ऑर्लिन आपली काडतुसं भरी, उजव्या टोकाला मर्ल. मध्ये दारूचा तराजू, कॉफीचा थर्मास आणि भांडण. ऑर्लिनची बायको आयडा वारली त्या वर्षीसुद्धा मर्ल आला, उजव्या टोकाला बसला आणि पहिलं वाक्य बोलला ते हेच, "सत्तर ते सत्तर, लेका." त्या दिवशी ऑर्लिनला त्याचा केवढा आधार वाटला होता.

या एप्रिलमध्ये मर्लला त्याची मुलगी डार्ला अॅरिझोनाला घेऊन गेली. डोंगरातली विरळ हवा त्याच्या फुप्फुसांना सोसेना. "ऑक्टोबरात एल्क हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू झाला की येतोच," असं मर्ल गाडीच्या खिडकीतून ओरडून सांगून गेला. ऑर्लिनने ते वाक्य उन्हाळाभर जपून ठेवलं.

ऑगस्टमध्ये मर्लचा फोन आला.

"ऐकतोयस का म्हाताऱ्या? जावयाने मला नवी रायफल घेऊन दिली. क्रीडमोर!"

ऑर्लिनला वाटलं आपले कान बिघडले. क्रीडमोर म्हणजे कालच्या पोरांचं काडतूस. खांद्याला धक्का नाही, दुकानात तयार मिळतं, घ्यायचं आणि उडवायचं.

"क्रीडमोर? तू?"

"झकास आहे रे. भरायची कटकट नाही. डबा फोडायचा की झालं."

"चाळीस वर्षं सत्तरसाठी माझं डोकं खाल्लंस आणि गोवऱ्या मसणात गेल्यावर क्रीडमोर? अरे, बाटायचंच होतं तर निदान माझ्या ऐंशीकडे तरी यायचंस!"

"आणि हे बघ, यंदा काही मी येत नाही. इथे सपाटीवर ऊन आहे, मजा आहे. त्या थंडीत कोण कुडकुडणार?"

ऑर्लिनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "नकोच येऊस! आणि पुन्हा फोनही करू नकोस. जावयाच्या मांडीवर बस आणि कागदावर भोकं पाड!" त्याने रिसीव्हर आदळला. मर्लनेही त्याचं ऐकलं. पुन्हा फोन केला नाही.

भांडण झालं म्हणजे माणूस तावातावाने चार दिवस काढतो. पाचव्या दिवशी घर मोठं वाटायला लागतं. ऑर्लिन दुकानात जाऊन उगाच खिळे घेऊन आला, टपालवाल्या बाईशी हवापाण्याचं बोलला, रेडिओ चालू ठेवून झोपू लागला. त्याच्याशी कडाक्याने भांडणारं या जगात आता कुणी उरलं नव्हतं, आणि गोड बोलणाऱ्यांचा त्याला काही उपयोग नव्हता.

सप्टेंबर संपता संपता तो काडतुसं भरायला बसला. गावातल्या पोरांना शिकारीचा परवाना मिळण्याआधी जो वर्ग करावा लागतो, तो शाळेच्या हॉलमध्ये ऑर्लिनच घेत असे. दरवर्षी तो टेबलावर मूठ आपटून सांगे, "एका वेळी टेबलावर एकाच जातीचं काडतूस! दुसरं दिसलं तर हॉलबाहेर काढीन." मर्ल होता तेव्हा त्यांच्या टेबलावर दोन जाती असत हे खरं, पण दोन माणसंही असत, एकेका टोकाला एकेक. यंदा ऑर्लिन एकटा होता. त्याने डाव्या टोकाला आपली काडतुसं भरली. मग उठून उजव्या टोकाला गेला आणि मर्लची भरायला लागला. का, ते त्याने स्वतःला विचारलं नाही. पुंगळ्या धुऊन पडल्याच आहेत, वाया कशाला घालवायच्या, असं काहीतरी पुटपुटला. खरं म्हणजे ते टोक रिकामं बघवत नव्हतं.

दोन्हीकडची भरलेली काडतुसं टेबलावरच होती, डब्यात घालायची राहिली होती. तेवढ्यात घरात फोन वाजला. ऑर्लिन धावला. सत्तरी उलटलेला माणूस अंगणातून धावतो तसा, गुडघ्याला शिव्या देत धावला. फोनवर आरोग्य विम्याची जाहिरात सांगणारा यंत्राचा आवाज होता. तो शेडमध्ये परत आला तेव्हा त्याचा मूड पार गेला होता. समोर दिसतील ती काडतुसं त्याने मुठीने उचलून दोन डब्यांत टाकली आणि दिवा मालवला.

मोसमाच्या पहिल्या सकाळी तो शिकाऱ्याचं नारिंगी जाकीट घालून एकटाच डोंगर चढला. बर्फ भुरभुरलं होतं. मधल्या दरीपलीकडे, समोरच्या उतारावर एल्कचा कळप चरत होता आणि त्यात एक नर होता, चांगला घोड्याएवढा. अंतर चारशे यार्डांच्या आसपास. वारा डावीकडून. असा नेम ऑर्लिनने आयुष्यात अनेकदा साधला होता. त्याने रायफल पिशवीवर टेकवली, श्वास सोडला आणि चाप ओढला.

आवाज वेगळाच आला. धक्काही वेगळा. पलीकडे कुठेही माती उडाली नाही. नराने मान वर केली, इकडेतिकडे पाहिलं आणि कुणाला काही कळायच्या आत कळप झाडीत शिरला.

ऑर्लिनने खटका मागे ओढला. बाहेर पडलेल्या पुंगळीची मान फुगून चिरली होती. त्याने चष्मा लावून बुडावरचा आकडा वाचला. २७०. पुन्हा वाचला. दोनशे सत्तर.

त्याच्या पायाखालची वाळूच सरकली. ऐंशीच्या रायफलीत सत्तरचं काडतूस बसतं, हीच त्यातली मेख. बसतं, उडतं, पण गोळी नळीत सैल खुळखुळत जाते आणि कुठेही भरकटते. त्या नराच्या पोटात लागली असती तर? आठवडाभर तडफडला असता बिचारा. ऑर्लिन बर्फात फतकल मारून बसला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण! ज्या चुकीसाठी त्याने बारा-बारा वर्षांची पोरं वर्गाबाहेर काढली होती, तीच त्याने केली होती. ही चूक कळल्यावर पोट धरधरून हसला असता असा जगात एकच माणूस होता, आणि त्याला फोन करू नकोस म्हणून ऑर्लिननेच बजावलं होतं.

दुपारी तो घरी आला. चूक कुणालाच सांगितली नाही तर इज्जत राहत होती. मर्लला सांगितली तर तो मरेपर्यंत ऐकवणार होता. मरेपर्यंत ऐकवणारं कुणीतरी असावं, हीच तर सारी गरज होती. ऑर्लिन फोनपाशी उभा राहिला, दोनदा नंबर चुकवला आणि तिसऱ्यांदा लावला.

डार्लाने उचलला. "ऑर्लिनकाका? थांबा हं, बाबांना देते. फार बोलवू नका, दम लागतो त्यांना."

"काय रे?" मर्लचा आवाज चिंधी झाला होता. मागे कसलंसं यंत्र घरघरत होतं.

"हसायचं असेल तर आत्ता हसून घे," ऑर्लिन म्हणाला. "मी माझ्या रायफलीतून सत्तर उडवलं. चारशे यार्डांवर. हुकलं."

तो थांबला. हसू काही आलं नाही.

"सत्तर कुठून आलं तुझ्याकडे?" मर्लने विचारलं.

"भरली होती."

"कुणासाठी?"

ऑर्लिन टेबलावरचे ब्रेडचे कण बोटाने गोळा करत राहिला.

"तू येणार नाहीस म्हणाला होतास," तो शेवटी म्हणाला, "पण तू काय, शंभर गोष्टी म्हणतोस."

मर्लला खोकला आला. तो बराच वेळ थांबेना. मग म्हणाला, "लेका, क्रीडमोर-बिडमोर काही नाही. जावयाने घेतली नाही आणि मी मागितली नाही."

"काय?"

"मी इतका वाया गेलोय का? अरे, मला आता माझी सत्तरसुद्धा उचलवत नाही. हात वर केला की छाती फुटते. ते तुला सांगितलं असतं तर तू फोनवर रडत बसला असतास. म्हटलं, त्यापेक्षा चिडलेला बरा. चिडलास की तू ठणठणीत असतोस."

एवढे दिवस ऑर्लिनने ज्याच्यावर दातओठ खाल्ले, तो तिथे यंत्राला जोडून बसला होता आणि ऑर्लिनचीच काळजी वाहत होता. त्याला आयडाच्या वेळीही इतकं रडू आलं नव्हतं. त्याने ते आवाजात येऊ दिलं नाही.

"सत्तरची रायफल डार्लाला सांगून तुझ्याकडे पाठवतो," मर्ल म्हणाला. "काडतुसं आहेतच तुझ्याकडे. गोळी कशी सरळ जाते ते एकदा बघ तरी."

रायफल घ्यायची म्हणजे काय, ते ऑर्लिनला कळत होतं. मग दोन्ही बाजूंनी त्यालाच भांडावं लागणार होतं.

"फुकट दिलीस तरी नको मला ती," तो म्हणाला. "तूच घेऊन ये. पुढच्या ऑक्टोबरात."

यंत्र घरघरत राहिलं.

"बरं," मर्ल म्हणाला. "येतो."

"नक्की?"

"नक्की रे. आणि ती ऐंशी घरीच ठेव. लाज आणतोस."

त्यावर ऑर्लिन तावातावाने वाऱ्याबद्दल बोलायला लागला, जड गोळीबद्दल बोलायला लागला, आणि पलीकडून मर्ल जमेल तसा "हॅ, हॅ" करत राहिला. तो येणार नाही हे दोघांनाही माहीत होतं. डार्लाने फोन काढून घेईपर्यंत ते भांडत राहिले.