एक दाणा पडता कामा नये

मावशीने वीट दोरीला टांगली आणि आम्हाला स्वयंपाकघराच्या दाराबाहेर उभं केलं.

"लोडखालून कोणी जायचं नाही," ती म्हणाली.

लोड म्हणजे ओट्स, बदाम, अक्रोड, मनुका, जर्दाळू, तीळ, भोपळ्याच्या बिया आणि मध यांची बोटभर जाडीची एक पट्टी. कपडे वाळत घालायच्या चिमट्यात तिचं एक टोक धरलेलं, चिमटा सुतळीला आणि सुतळी छताच्या हुकाला. बाहेरच्या जगात या पदार्थाला ग्रॅनोला बार म्हणतात. आमच्या घरात पहिल्याच दिवशी त्याचं नाव वीट पडलं, आणि बारशाला कोणी हरकत घेतली नाही.

आईला फ्रिजमधून दूध हवं होतं. मावशीने तिला दुसऱ्या बाजूने जायला सांगितलं. आमच्या स्वयंपाकघराला दुसरी बाजू नाही, त्यामुळे चहा राहिला.

वीट थोडी डोलली, स्थिरावली, आणि आता जमलं असं वाटेपर्यंत मधोमध तुटली. ओट्स फ्रिजखाली गेले. एक मनुका घरंगळत आईच्या पायापाशी येऊन थांबली, तिची काही तक्रार असावी तशी.

"नापास," मावशी म्हणाली आणि झाडू आणायला गेली.

मावशी टॉवर क्रेन चालवते. शहरात कुठेही उंच इमारत उभी राहत असली की तिच्या डोक्यावर जो पिवळा सांगाडा दिसतो, त्याच्या काचेच्या केबिनमध्ये एक बाई बसलेली असते, ती आमची. सकाळी शिडी चढून वर जायचं आणि संध्याकाळी उतरायचं. मधल्या वेळात काय करता, हा प्रश्न तिला प्रत्येक जण पहिल्या भेटीत विचारतो. तिने आजवर त्याचं उत्तर दिलेलं नाही.

त्या कामाचा एक नियम आहे. कुठलाही लोड, म्हणजे हुकाला लावलेलं ओझं, आधी फक्त हातभर उचलायचा आणि थांबायचं. त्याला बांधलेले पट्टे टिकतात का, तोल जातो का, बघायचं. मगच वर न्यायचा. मावशी हा नियम सगळीकडे लावते. लग्नाच्या बाबतीतही लावला होता. ते स्थळ हातभर उचलल्यावरच निसटलं, आणि ती अजून सांगते की खालून कोणी जात नव्हतं म्हणून बरं.

अडचण जेवणाची होती. डबा उघडायला दोन हात लागतात आणि तिचे दोन्ही हात क्रेनच्या दांड्यांवर. पूर्वी ती बिस्किटं न्यायची. एकदा बिस्किटाचा चुरा दांडीच्या खाचेत गेला, दांडी अडकली आणि अख्खं काम मेकॅनिक येईपर्यंत बंद राहिलं. तेव्हापासून केबिनमध्ये चुरा पाडणाऱ्या कुठल्याही वस्तूला बंदी. म्हणजे जेवणालाच बंदी. कित्येक वर्षं ती वर नुसत्या चहावर बसली.

मग एक दिवस तिला चक्कर आली. हुकाला तेव्हा बाथटब होता. तिने सगळं नियमाप्रमाणे केलं: लोड थांबवला, ब्रेक लावला, खाली वॉकीटॉकीवर कळवलं आणि डोळे मिटून बसली. तिला बरं वाटेपर्यंत बाथटब आभाळात लटकत होता. रस्त्यावरचे लोक फोटो काढत होते. एका आजोबांनी अंघोळ करणाऱ्याला काही त्रास नाही ना, अशी चौकशी केली म्हणे.

कंपनीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. आयुष्यभर लोखंड उचललेली बाई, आणि अंगात लोह नाही. त्यांनी गोळ्या दिल्या, पण गोळ्या रिकाम्या पोटाला पुरणार नाहीत, दिवसा नीट खाल्लंच पाहिजे, असंही बजावलं. पुढच्या तपासणीत रक्त सुधारलं तर केबिन परत. नाहीतर कायमची गेटवर, येणाऱ्या पाहुण्यांना हेल्मेट वाटायला. तोवरही गेटवरच.

तिच्या क्रेनवर एक नवा पोरगा बसवला. मावशीने घरी येऊन सांगितलं की त्याने केबिनच्या काचेला लोकरीचं माकड चिकटवलंय. हे तिने ज्या आवाजात सांगितलं, त्या आवाजात लोक खुनाची बातमी देतात.

म्हणून वीट. एका हाताने खाता येणारी, पोटाला आधार देणारी, आणि जिचा एक दाणाही खाली पडता कामा नये अशी. मावशीने आयुष्यात गॅस पेटवला तो चहासाठी. आता ती ओट्स भाजू लागली, आणि आई दारात उभी राहून, पहिल्यांदा गाडी शिकणाऱ्याच्या शेजारी बसल्यासारखी, हवेतच ब्रेक दाबत राहिली.

विटा एकामागून एक नापास होत गेल्या. एक चिमट्यातूनच निसटली. एकीतले अख्खे बदाम दात पडावेत तसे एकेक करून गळाले. घरात पाय ठेवाल तिथे ओट्स. आम्ही ते नाश्त्याला खाल्ले, जेवणाला खाल्ले, आणि आलेल्या पाहुण्यांना वाडगा भरून दिले. त्यानंतर पाहुणे यायचे थांबले, हा एक फायदा झाला.

शेवटी मावशी चिडली. तिने मध इतका वेळ उकळवला की खिडकीतून वास बाहेर गेला आणि शेजारच्या बाई काय जळतंय ते विचारायला आल्या. ती वीट मात्र टांगल्यावर हलली नाही. मावशीने तिला पाण्याचा तांब्या अडकवला. टिकली. इस्त्री अडकवली. टिकली. मावशीच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी रंग आला.

"ताई," आई म्हणाली, "हे खायचंय का उचलायचंय?"

मावशीने ऐकलं नाही, कारण दारात खालचे काका उभे होते.

खालचे काका म्हणजे तिचे सिग्नलमन. क्रेनच्या पायथ्याशी उभं राहून हातांनी खुणा करणारा माणूस: वर घे, खाली सोड, डावीकडे, थांब. कितीतरी इमारती या दोघांनी मिळून उभ्या केल्या, आणि त्या सगळ्या काळात त्यांच्यात जेमतेम तासभर बोलणं झालं असेल. कामाला बोलणं लागतच नव्हतं. ते आमच्या घरी कधी आले नव्हते. आत येऊन त्यांनी टांगलेली वीट पाहिली आणि कोणी न सांगता बाजूने वळसा घालून खुर्चीवर बसले. आईने माझ्याकडे पाहिलं. हे दोघं एकाच आजाराचे रोगी आहेत, असं त्या नजरेत होतं.

काकांचं म्हणणं थोडं होतं. नवा पोरगा वाईट नाही, पण त्याला एक खूण चारदा करावी लागते. खांदा दुखतो. बाईंनी लवकर वर जावं. एवढं बोलून ते दमले.

मावशीने अभिमानाने ती वीट त्यांच्यापुढे धरली. सुतळीला होती तशीच, चिमट्यासकट. काकांनी नम्रपणे मान पुढे केली आणि चावा घेतला.

मी दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. तिथे रोज काय काय बघते, ते जेवताना सांगायला मला घरी मनाई आहे. पण असं मी पाहिलं नव्हतं. काकांनी मान मागे घेतली तेव्हा त्यांची कवळी त्यांच्यासोबत मागे आली नाही. वीट सुतळीला लटकत होती आणि कवळी विटेला. दोन्ही हळूहळू डोलत होत्या.

 नियमाप्रमाणे डोलणं थांबेपर्यंत सगळे थांबलो.

"टिकली," काका म्हणाले. दात नसल्यामुळे शब्द मऊ झाला होता.

कवळी सोडवताना तडकली. मी काकांना दुसऱ्या दिवशी दवाखान्यात यायला सांगितलं. नवी करावी लागणार होती आणि आमचे डॉक्टर कवळी सावकाश करतात. मावशी मोरीपाशी जाऊन उभी राहिली, आमच्याकडे पाठ करून. मी जवळ गेले. मला वाटलं ती हसतेय.

"मला नाही गं खाली राहायचं," ती म्हणाली. "खाली सगळे नुसते बोलत असतात. दिवसभर. हेल्मेट देताना पण बोलावं लागतं. वरून कसं, फक्त हात दिसतात. काय हवंय ते कळतं."

 माझं कामच दिवसभर लोकांशी बोलायचं आहे. मी तिला नॅपकिन दिला. मागून काकांनी घसा साफ केला.

"बाई, एक सांगू?" ते म्हणाले. "तुम्ही हे कधी कापता?"

"झाल्या झाल्या."

"गरम असताना?"

"हो."

काकांनी छताच्या हुकाकडे बोट केलं. "डोलणारा लोड आपण कधी खाली टेकवलाय का?"

मावशी वळली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी शब्दांत सांगू शकत नाही, पण घरभर शोधलेला चष्मा स्वतःच्या डोक्यावर सापडला की माणसं साधारण तशी दिसतात.

त्या संध्याकाळी सगळं नव्याने सुरू झालं. ओट्स मंद आचेवर भाजले. बदाम-अक्रोड अख्खे न घालता बारीक चिरले, कारण मोठा तुकडा म्हणजे पट्ट्याच्या बाहेर आलेला लोड. गरम पाण्यात भिजवलेला खजूर कुस्करून त्याचा चिकट गोळा केला, त्यात मध नुसता कोमट करून घातला, आणि मनुका, जर्दाळू, बिया, तीळ सगळं त्यात एकजीव केलं. मिश्रण बटर पेपर घातलेल्या ट्रेमध्ये थापलं.

"आता वजन पाहिजे," मावशी म्हणाली. "मागचं वजन. त्याशिवाय क्रेन उभी राहत नाही."

ट्रेवर पोळपाट ठेवला, पोळपाटावर तांदळाचा डबा ठेवून पाहिला. कमी पडला. मग मावशी आणि काका दोघांनीही एकदमच आईकडे पाहिलं.  काकांनी फक्त हात वर करून तळवा सावकाश खाली आणला.

"मी मुळीच बसणार नाही," आई म्हणाली.

तिची मालिका संपेपर्यंत ती बसली. मधल्या जाहिरातीत उठू पाहत होती तर दोघांनी मिळून थांबायची खूण केली. तिच्या वजनाचा त्या घरात एवढा आदर पूर्वी कधी झाला नव्हता, असं ती नंतर स्वतःच म्हणायला लागली, आणि आता हे सगळ्या नातेवाइकांना सांगते.

मग ट्रे फ्रिजमध्ये गेला आणि विटा थंड होऊन घट्ट बसेपर्यंत फ्रिजला कोणी हात लावायचा नाही असं ठरलं. सकाळी मावशीने विटा कापल्या. सुरी स्वच्छ बाहेर आली. तिने एक टांगली, खाली आईची काळी साडी पसरली म्हणजे पडलेला दाणा दिसेल, आणि आम्ही दाराबाहेर उभ्या राहिलो. वीट टिकली. मग तिने ती एका हाताने धरून चावली. वीट मोडली, पण सुटली नाही. मावशी चावत राहिली आणि आम्ही साडी बघत राहिलो.

साडीवर एक तीळ पडला होता.

"तीळ चालेल गं एखादा," आई म्हणाली.

"नाही चालणार."

त्या दिवशी तिळाला कामावरून कमी करण्यात आलं. बाकीच्यांची नोकरी पक्की झाली.

त्यानंतर मावशी गेटवर हेल्मेट वाटता वाटता रोज विटा खायची, गोळ्याही वेळेवर घ्यायची, आणि रविवारी आईला ट्रेवर बसवायची. दिवस गेले. तपासणी झाली. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचून चष्मा वर केला आणि रक्त छान सुधारलंय, काय खाल्लंत, असं विचारलं. मावशी शब्दांनी सांगण्यात वेळ घालवत नाही. तिने पर्समधून सुतळी काढली आणि डॉक्टरांच्या टेबलावरच्या दिव्याला वीट टांगून दाखवली. डॉक्टर खुर्ची मागे सरकवून बसले. म्हणजे तेही लोडखालून बाजूला झाले, असं मावशीने घरी आल्यावर कौतुकाने सांगितलं. शिक्का मिळाला.

ती परत वर गेली त्या दिवशी काकांची नवी कवळी तयार झाली होती, म्हणून मी जेवणाच्या सुट्टीत ती घेऊन त्यांच्या कामावर गेले. गेटवर मला हेल्मेट दिलं, केबिनमधून आपलं लोकरीचं माकड घेऊन खाली आलेल्या त्या नव्या पोराने. तो आता तिथे बसत होता आणि छान गप्पा मारत होता. माकड त्याच्या शेजारी बसलं होतं.

काका क्रेनच्या पायथ्याशी उभे होते. मी डबी दिली. ते भिंतीकडे तोंड करून वळले, कवळी घातली, पुन्हा वळले, हेल्मेटचा पट्टा घट्ट केला आणि वर पाहिलं. मग त्यांनी शिट्टी वाजवली.

माणसं बाजूला झाली. सिमेंटवाले थांबले, सळयावाले थांबले, एक इंजिनियर फोनवर बोलत मध्येच उभा होता त्यालाही काकांनी हाताने मागे सारलं. वरून हूक निघाला. काकांनी तळवा खाली केला: सावकाश. बोट फिरवलं: अजून. मूठ मिटली: थांब. हूक जमिनीपासून हातभर उंचीवर थांबला. तिथे तो थोडा डोलला आणि सगळं कामकाज, जिथे होतं तिथे, त्याचं डोलणं थांबायची वाट बघत राहिलं. मग काकांनी पुन्हा तळवा खाली केला.

हुकाला मावशीचा स्टीलचा डबा होता. डब्यात एक वीट होती.

काकांनी उभ्याउभ्याच ती खाल्ली. घाई केली नाही. संपल्यावर त्यांनी दोन्ही हात वर केले, तळवे आभाळाकडे पसरले आणि तसेच धरून ठेवले. तळव्यांवर एखादा दाणा असता तरी एवढ्या उंचीवरून तिला दिसला नसता. अशी खूण त्यांच्या कामात नाही.

वरून हॉर्न एकदा वाजला. काकांनी डबा अडकवला आणि बोट वर फिरवलं. रिकामा डबा निघाला, पाचवा मजला, दहावा मजला, मग ठिपका. तो वर पोचेपर्यंत काकांनी त्याच्या खालून कोणालाही जाऊ दिलं नाही.