शेपट्या मी फाडल्या नाहीत

मित्रांनो, मी एक जुनी जाळी आहे. टाकीतले मासे उचलायची, हातभर दांड्याची, छोटीशी जाळी. आज माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. माझ्यावर खोटा आळ आला आहे आणि तो अजून कोणी मागे घेतलेला नाही.

माझा जन्म दुकानात झाला नाही. काकू घरी शिवणकाम करतात. एका फ्रॉकमधून उरलेले नेटचे मऊ कापड आणि कपाटातला एक वाकडा हँगर यांतून त्यांनी मला घडवले. शिवण मुद्दाम बाहेरच्या बाजूला घेतली, आत माशाच्या अंगाला काही टोचू नये म्हणून. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे हेच सगळे विसरले.

काकूंचे यजमान, म्हणजे आमचे काका, चष्मे बनवतात. दिवसभर लोकांच्या नाकावर काचा चढवायच्या आणि घरी आले की मासे बघत बसायचे, हा त्यांचा छंद. जिन्याखालच्या कोनाड्यात त्यांनी टाक्या मांडल्या आणि गप्पी मासे वाढवून विकायचे ठरवले. गप्पी अंडी घालत नाहीत, थेट पिल्ले देतात, त्यामुळे नवख्या माणसालाही जमते. पहिली जोडी आणायला काका निघाले तेव्हा काकू मला पिशवीत घालून बरोबर गेल्या. दुकानात काका रंग बघून हरखले होते.

"अहो, रंगाचं काय घेऊन बसलात?" काकू म्हणाल्या. "खायला टाकलं की कोण धावत येतं ते बघा. आणि वरून बघा. शिवण तिरकी गेली की वरून लगेच कळतं, तशी माशाची पाठही कळते."

त्या दिवशी मी उचललेली पहिली मासोळी म्हणजे करडी. चमक नाही, झालर नाही, पण अशी चपळ की मला दोनदा चकवले. तिच्यासोबत एक रंगीत नर घेतला. पुढे पिल्ले झाली, मोठी झाली, आणि निवडीची पद्धत ठरली. मी मासा उचलायचा, पांढऱ्या ट्रेमधल्या पाण्यात सोडायचा, काका-काकूंनी वरून पाठ बघायची. पाठ सरळ असेल तरच तो काचेच्या टाकीत जायचा आणि मग बाजूने रंग बघायचा. फार चांगले दिवस होते ते. लोक म्हणायचे, "काय हात आहे हो तुमचा!" मला वाटायचे, त्या हातात मीच तर असते.

मग माशांच्या दुकानदाराने काकांचे कान भरले.

"काका, पाठ कोण बघतं? गिऱ्हाईक काचेतून बघतं. शेपटी लांब आणा, हातोहात संपतील."

झाले! पांढरा ट्रे चहाचे कप ठेवायला स्वयंपाकघरात गेला. काका फक्त काचेला नाक लावून शेपट्या बघू लागले. सर्वात लांब शेपटीचे दोन मासे निवडायचे, मग ते सख्खे भाऊबहीण का असेनात, आणि त्यांची जोडी लावायची. त्यांच्या पिल्लांतून पुन्हा तसेच. बाकीचे मासे नापास. दिवसभर दुसऱ्यांची नजर सुधारणारा हा माणूस! माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची, आणि मला तर तळपायही नाहीत.

एका सकाळी त्यांनी करडीकडे बोट दाखवले. "ही म्हातारी उगाच जागा अडवते. हिला आणि त्या साध्या पोरांना गटारात सोडून दे."

काकूंनी मला हातात घेतले. मी करडीला उचलले, तेव्हा ती माझ्यात शांत पडून होती आणि मला स्वतःचीच किळस आली. पण काकू गटाराकडे गेल्याच नाहीत. मागच्या दारी धुण्यासाठी पाणी साठवायचे एक जुने पिंप होते. त्यात त्यांनी करडीला सोडले, मग तिच्या पोरांना. पिंपावर फळी टाकली आणि पदराला हात पुसत घरात आल्या.

पुढे व्हायचे तेच झाले. दुकानदार पिशवी घेऊन दारात उभा राहिला.

"काका, हे काय दिलंत? मासे पोहत नाहीत, तळाशी लोळतात. जरा वरून बघा, पाठी कशा वाकड्या झाल्यात!"

ऐकलेत? पाठ कोण बघतं म्हणणारा हाच तो! आणि काका काय म्हणाले, माहीत आहे?

"पाठीचं सोडा हो, शेपट्यांच्या चिंध्या झाल्यात त्या बघा. ही घरची जाळी खरखरीत आहे. हिनेच फाडल्या."

त्या शेपट्या इतक्या लांब वाढल्या होत्या की तळाच्या खडीवर फरफटत होत्या. फाटतील नाहीतर काय! पण खापर माझ्या माथ्यावर फुटले. काकांनी मला कोपऱ्यात भिरकावले, माझा दांडा वाकला. दुकानातून हिरवी, गुळगुळीत जाळी आली. शेपट्या तरीही फाटतच राहिल्या. मग कोणी म्हणाले का, की जुनी जाळी बिचारी निर्दोष होती? छे! एकेक मासा मेला आणि टाक्या रिकाम्या झाल्या.

एकदा नळाला पाणी नव्हते म्हणून काका मागच्या दारी गेले. पिंपावरची फळी उचलली आणि ओरडले, "अगं, हे एवढे मासे कोणाचे?"

"करडीचे," काकू आतूनच म्हणाल्या. "तुमच्या गटारातले."

त्यांनी मला शोधून काढले, माझा दांडा सरळ केला, कप बाजूला सारून पांढरा ट्रे आणला आणि मला काकांच्या हातात दिले. "याच जाळीने काढा. आणि वरून बघा."

काका ट्रेवर वाकले. करडी होती, थकलेली, पण पाठ ताठ. तिची पोरे सगळी सरळ, सुतासारखी. मला वाटले, आता म्हणतील, चुकलो. निदान आता तरी म्हणतील.

"अगं, हा बघ!" ते एका पोराकडे बोट दाखवून म्हणाले. "काय शेपटी आहे याची! याला वेगळा काढू."

काकूंनी मला त्यांच्या हातातून काढून घेतले. ट्रेमधले सगळे मासे पुन्हा पिंपात सोडले, त्या लांब शेपटीवाल्यालाही.

"पाठ बघायला शिकाल तेव्हा मागा," एवढेच त्या म्हणाल्या आणि मला शिवणयंत्राशेजारच्या खिळ्याला अडकवले. हा खिळा त्यांच्या कात्रीचा आहे. त्याला काका हात लावत नाहीत.

मित्रांनो, काका अधूनमधून दारात येऊन माझ्याकडे बघतात आणि परत जातात. चुकलो म्हणायला जीभ रेटत नाही. मी अजून रागावलेली आहे आणि तो राग मी सोडणार नाही. तुम्ही मासे जरूर पाळा, विका, हवे तसे निवडा. पण जो मासा तुम्ही नापास कराल, तोही तुमच्याच टाकीत जन्मलेला असतो. त्यालाही पाणी तुम्हीच द्यायचे आहे.