न मोजलेल्या कॉलरी

मी एक जुनी शिलाई मशीन आहे, आणि खोटे कशाला बोलू, मी जळकुकडी आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगू लागल्या की आपण किती गुणी होतो हेच सांगत बसतात. मी तसे करणार नाही.

माझा सांगाडा बिडाचा. कारखान्यात आले तेव्हा दोन धडधाकट माणसांनी मला धापा टाकत उचलून खिडकीजवळ ठेवले. एकतीस वर्षे मी शर्टांच्या कॉलरी शिवल्या. स्वभाव पहिल्यापासून तिखट. हवा ढगाळ असली की मी दोरा तोडायचे, आणि नवखी बाई समोर बसली तर मुद्दाम गुंता करायचे. मग मिस्त्री यायचा, बॉबिन काढून फुंकर मारायचा आणि म्हणायचा, “महाराणींचं आज बिनसलेलं दिसतंय.” पण कॉलरीचे टोक माझ्यासारखे कोणाला वळवता येत नसे, म्हणून माझे नखरे सगळे खपवून घ्यायचे.

मग त्या आल्या. चाळीस नव्या मशिनी, पांढऱ्याशुभ्र, प्रत्येकीच्या डोक्यावर छोटा पडदा. बाईने अंगठा लावला की मशीन तिला ओळखायची. एक कॉलर शिवून झाली की पडद्यावरचा आकडा वाढायचा, आणि तो आकडा त्याच क्षणी समुद्रापलीकडच्या मोठ्या ऑफिसात दिसायचा. सुपरवायझर स्वतः त्यांच्यावरून मऊ फडके फिरवायचा. मला मात्र भिंतीशी, रिकाम्या खोक्यांच्या ढिगाजवळ सरकवले. घरात सवत यावी आणि सगळ्यांनी तिचेच कौतुक करावे, तसे माझे झाले. त्यांच्यातली एखादी अडखळली तरी मला आनंदाच्या उकळ्या फुटायच्या.

एके दिवशी त्यांतली एक खरोखरच बंद पडली. तिचा कसलासा पार्ट परदेशातून जहाजाने यायचा होता. तोवर त्या मशीनवरची बाई माझ्यापुढे बसली. तिला सगळ्या ‘लांबची’ म्हणत, कारण ती दुसऱ्या देशातून इथे कामाला आली होती. पाच वर्षांची लेक तिने आपल्या आईजवळ ठेवली होती. कायदा असा होता, की दोन वर्षे सलग नोकरी झाली की लेकीला इकडे आणता येते, आणि नोकरी गेली की पंधरा दिवसांत देश सोडावा लागतो. तिची दोन वर्षे पुरी व्हायला सहा आठवडे उरले होते.

तिचा हात हलका होता. इतक्या दिवसांनी माझ्यापुढे माणूस बसले, याचा मला कोण आनंद! पहिल्याच दिवशी मी तिला दोनशे कॉलरी एकही टाका न चुकता शिवून दिल्या.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातली सर्वांत जुनी कामगार, जिला सगळे मावशी म्हणत, ती भिंतीवरच्या मोठ्या पडद्याकडे बघत राहिली. “अगं, तुझ्या नावापुढे शून्य कसं?”

लांबची सुपरवायझरकडे धावली. तो काही वाईट माणूस नव्हता. “त्या जुनीला मोजता कुठे येतं? पार्ट येऊ दे, होईल सगळं नीट.”

“आणि तोपर्यंत, साहेब?”

“नवी एकही रिकामी नाही. हां, ही जुनी बिघडली, तर मात्र तुला कुणाच्या तरी जोडीला नव्या मशीनवर बसवावंच लागेल. बाईला मशीनशिवाय ठेवायचं नाही, असा नियम आहे.”

मी हे सगळे ऐकले, मित्रांनो. एक दोरा तोडायचा, बस्स. एकतीस वर्षे मी तो उगाचच्या उगाच तोडत आले होते.

आज तरी मी बिघडेन, म्हणून लांबची रोज सकाळी माझ्याकडे आशेने बघायची. एकदा तिने स्क्रूड्रायव्हर माझ्या पट्ट्याजवळ नेला. मावशी हळूच म्हणाली, “टाक तोडून. मी काही बघितलं नाही.”

“नको, मावशी. आईनं अशाच मशीनवर आम्हाला वाढवलं. चालत्या मशीनवर हात नाही उचलवत.” तिने स्क्रूड्रायव्हर परत ठेवून दिला.

आणि मी? मी बिघडले की ती त्या पांढऱ्या सटवीकडे जाणार, हे मला बघवत नव्हते. ढगाळ हवा झाली, ओलसर दोरा आला, बोथट सुई लावली गेली, मी हूं की चूं केले नाही. “महाराणी सुधारल्या बघा!” म्हणत मिस्त्रीने माझ्या पाठीवर थाप मारली, तेव्हा तर मी फुशारून गेले.

चौथ्या आठवड्यात समुद्रापलीकडून यादी आली. ज्यांच्या नावापुढे सलग शून्य, त्यांना उद्यापासून काम नाही. यादीत एकच नाव होते.

मावशीने बायकांना उठवले. चौघींनी कॉलरींची खोकी सुपरवायझरच्या टेबलावर आणून आदळली. “मोजा. आमच्यादेखत मोजा. हे काय आभाळातून पडलं?”

सुपरवायझरने एक कॉलर उलटसुलट करून बघितली. “मला दिसतंय हो, मावशी. पण मी बघून उपयोग काय? हे बदलायचं बटणच इथे नाही.”

बायका मशिनी बंद करून तासभर उभ्या राहिल्या. त्यांनी अर्ज लिहिला, सगळ्यांनी सह्या केल्या. उत्तर यायला तीन आठवडे लागतील असे कळले. लांबचीजवळ पंधरा दिवस होते.

निघण्याआधी ती माझ्याजवळ आली. तिने ओढणीने माझा सांगाडा पुसला, तेलाचे दोन थेंब सोडले आणि म्हणाली, “गुणाची गं तू. एकदासुद्धा त्रास दिला नाहीस.”

मित्रांनो, असे कौतुक कानी पडावे म्हणून मी इतकी वर्षे झुरले, आणि ते मिळाले या बाईकडून. आम्हा जुन्या वस्तूंना जपा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. लांबून कामाला आलेल्या माणसाला जपा. त्याचे काम पडद्यावर दिसले नाही, तर उठून जवळ जा, खोके उघडा आणि ते वेळेवर उघडा. मी रोज आठ तास तिच्या हाताखाली होते. तिच्या लेकीचे नाव तिच्या तोंडून ऐकून ऐकून मला पाठ झाले होते. तरी एक दोरा मी तोडला नाही.