एका बाकावरचे तिघे

मी बाक बोलतोय. पुठ्ठ्याची खोकी करणाऱ्या कारखान्यात माझा जन्म झाला, तोही खोट घेऊनच. सुताराने घाईघाईत माझे पाय टोकांना न ठोकता पार मधे ठोकले. त्यामुळे एका टोकाचा माणूस एकदम उठला की दुसऱ्या टोकाचा धपकन जमिनीवर! मग "उठतो हं" असं सांगून उठायची रीतच पडली. मला कुणी मोडीत काढलं नाही, देवाची कृपा.

काय दिवस होते ते! डबे उघडायचे, थट्टा चालायची. माझ्या फळ्या तेव्हा कशा उबदार असायच्या!

एकदा मात्र पुठ्ठा कापायच्या यंत्रात एका पोरीची दोन बोटं गेली. ती मावशींची सून. मावशी म्हणजे कामगारांच्या पुढारी, साऱ्यांचीच मावशी. "पात्यावर जाळी बसवा, मगच काम," त्या म्हणाल्या. मालक म्हणाले, "जाळी बसली की काम रेंगाळणार. परवडायचं नाही." कामगारांनी यंत्रं थांबवली. दहा दिवस मी एकटाच धूळ खात पडलो होतो.

अकराव्या दिवशी तंटा मिटवायला सरकारी कामगार अधिकारी बाई आल्या. मालकांनी त्यांना आपली खुर्ची दिली. "खुर्ची राहू द्या," बाई म्हणाल्या, "तिघंही या बाकावरच बसू." एका टोकाला मालक, दुसऱ्या टोकाला मावशी, मधे बाई.

बोलता बोलता मावशी म्हणाल्या, "तुमच्या लेकीला बसवाल त्या यंत्रावर?"

मालक ताडकन उठले. न सांगता! मावशी खाली.

मी लाजेने अर्धमेला झालो. पण मालकच धावले. "अहो मावशी, लागलं का हो?"

"लागलं तर! पण बोटं शाबूत आहेत," मावशी जमिनीवरूनच म्हणाल्या. "उठताना माणूस सांगू तरी शकतो, मालक. पातं कुठलं सांगायला?"

मालकांनी त्यांना हात देऊन उठवलं आणि मान खाली घालून ते पुन्हा बसले. बाई हळूच म्हणाल्या, "आता जाळी कशी बसवायची, तेवढंच बोलू."

दाराशी उभा असलेला यंत्र दुरुस्त करणारा दादा म्हणाला, "बिजागरीची करू. यंत्र थांबलं तरच उघडेल. काम फारसं अडणार नाही." इतके दिवस त्याला कुणी विचारलंच नव्हतं! मालकांनी होकार दिला, कामगार दुसऱ्याच दिवशी कामावर आले. पंधरवड्याने बाई स्वतः जाळी तपासून गेल्या. पुढे दर महिन्याला तेच तिघं माझ्यावर बसू लागले. भांडायचे, पण बोलणं अर्धवट टाकून कुणी गेलं नाही.

आता मालक, मावशी दोघंही देवाघरी गेले. बैठका फोनवर होतात, असं ऐकतो. होऊ देत बापड्या. पण महिन्यातून एकदा तरी शेजारी बसा रे. शेजारच्याचा सुस्कारा फोनवर ऐकू येत नाही.

मी पुठ्ठा कापायच्या खोलीबाहेर भिंतीशी असतो. मावशींची नात आता त्याच यंत्रावर आहे. दुपारी थकून येते, माझ्यावर दोन्ही तळवे टेकून बसते. मी रोज नेमाने बोटं मोजतो. दहा.